ज्यानं माझा गोल पुकारला नाही

तो बोलायला लागला की चेंडू हवेतल्या हवेत थांबायचा, असं जव्हारची जुनी माणसं अजून सांगतात. खोटं आहे. त्या चेंडूमागं मी स्वतः पळालेलो आहे. चेंडू कधी थांबला नाही आणि तोही कधी थांबला नाही. एकदाच थांबला, ते पुढं येईल.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. विसरलो असं कुणी समजू नये. मला गावातल्या मेलेल्या बैलांचीसुद्धा नावं आठवतात. लिहायचं नाही म्हणून लिहिणार नाही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, चौथीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून सोडली. तेव्हा माझ्या काना-मात्र्यांना ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. पण फुटबॉल कसा पुकारावा हे मला कुणी शिकवू नये. नातू रेडिओ कानाला लावून बसतो. आतला माणूस कुत्रं मागं लागल्यासारखा ओरडत असतो आणि नातू म्हणतो, "आजोबा, काय बोलतो बघा!" मी म्हणतो, बोलतो खरा. बघतो का, ते विचार त्याला.

कारण बोलणारा आणि बघणारा एकच असतो असं नाही. हे मी त्याच्याकडून शिकलो. त्यानं शिकवलं नाही, मी शिकलो.

आमच्याकडं, मोखाड्याला आणि जव्हारच्या खालच्या पाड्यांवर, होळी झाली की बोहाडा असतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं संबळ-पिपाणीवर नाचत येतात. एकेका मुखवट्याला सोंग म्हणायचं. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते ठरलेलं, बापामागं लेकाकडं जायचं. गणपती पाटलाच्या घरचा, मारुती सुताराच्या घरचा, जगदंबा वरच्या आळीच्या एका घराची. आमच्या घराकडं म्हैशासुर. सोंग यायच्या आधी एक माणूस पुढं होतो आणि त्याची ललकारी देतो. कोण आला, कुठून आला, काय त्याचा थाट, आणि कोण कुणाच्या हातून मरणार. ही ललकारी ह्या बाबाच्या घराकडं होती. त्याचा बाप द्यायचा, आजा द्यायचा. त्या घरात हळू बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. तान्हं पोरसुद्धा रडायला लागलं की गुरं दावी तोडायची.

दिसायला उंच, हडकुळा. गळ्याची घाटी अंड्याएवढी, बोलताना वर-खाली पळायची. आवाज टिकावा म्हणून दिवसभर आलं चघळायचा, त्यामुळं त्याच्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याला वाटायचं, आपल्या बोलण्यानं माणूस गहिवरला. सरकारांनी, म्हणजे जव्हारच्या राजांनी, कधीतरी दिलेली शाल वैशाखातही अंगावर असायची. घाम यायचा तो शालीनंच पुसायचा. मर्तिकाला गेला की लोक त्याला मुद्दाम मागं उभा करायचे. तरी एकदा तो शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "लाकडं वली दिसत्यात." तर पुढून मेलेल्याची बायको रडता रडता ओरडली, "मंग घरची वाळलेली आण ना, मेल्या!"

घरी जेवायला बसला तरी तेच. "आली, आली, नाचणीची भाकर आली! संगं कोण आलं? संगं अंबाडीची भाजी आली!" त्याची बायको गरीब बाई. चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "मीठ सरलंय. त्ये बी पुकारा."

आणखी एक खोड. माणसांची नावं त्याला ठाऊकच नव्हती. जो तो त्याला त्याच्या घरच्या सोंगावरून ठाऊक. रस्त्यात भेटला की, "काय मारुती, पेरणी झाली का?" सुताराचा म्हातारा बिचारा संधिवातानं वाकलेला, त्यालाही मारुती. दरबारात एक कारकून पुण्याकडून आला होता, त्याच्या घराला सोंग कुठलं? तर हा त्याला चारचौघांत 'बिनमुखवट्याचा' म्हणायचा. कारकुनानं तक्रार केली. कारभाऱ्यांनी बोलावून विचारलं, तर हा हात जोडून म्हणतो, "सरकारी माणसाला नाव ठेवंन का मी? मुखवटा नाय म्हणून नाय म्हनालो."

मला तो 'म्हैशासुरा' म्हणायचा. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून.

मग सरकारांना फुटबॉलचा नाद लागला. राजवाड्याच्या अलीकडं माळ होता, तो सपाट केला. सागाचे खांब रोवले, वर आडवा बांबू बांधला. शाळेतल्या मास्तरांना शिट्टी दिली आणि पंच केलं. आम्ही अनवाणी खेळायचो. उन्हाळ्यात तो माळ दगडासारखा तापायचा, आणि तेव्हा कामंही असायची. म्हणून भाताची आवणी उरकली, माणसं जरा मोकळी झाली की श्रावणात सामने व्हायचे. आता श्रावणात जव्हारला काय असतं ते जव्हारच्या माणसाला सांगायला नको. धुकं. माळावर असं बसायचं की आपला हात लांब केला तर बोटं दुसऱ्याची वाटायची. सरकार, पाहुणे, अधिकारी एका टोकाला मांडवात बसलेले, आणि चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की त्यांना नुसता चिखलाचा आवाज. सरकार दोन सामने असेच बसले. तिसऱ्याला म्हणाले, तिथं कुणीतरी उभा करा आणि काय चाललंय ते ओरडून सांगायला लावा.

आवाजाचा माणूस दुसरा कोण होता? शेतात डुकरं हाकायला बांधतात तसं एक मचाण मध्यावर बांधलं आणि ह्याला शालीसकट वर चढवला.

त्यानं ओरडून सांगितलं. पण काय चाललंय ते नाही. काय चालायला पाहिजे ते.

त्याच्या दृष्टीनं तो बोहाडाच होता. अकरा सोंगं इकडून, अकरा तिकडून. बोहाड्यात पहिला मान गणपतीचा, म्हणून सामन्यातला पहिला गोल गणपतीचा. कुणी का मारीना. आमचा गणपती म्हणजे पाटलाचा पोरगा, पोट सांभाळत मागं उभा असायचा. आयुष्यात त्यानं चेंडू पुढं मारलेला मी पाहिला नाही. पण प्रत्येक सामन्यात त्याच्या नावावर एक गोल. एकदा ठाण्याकडचा संघ आला होता. त्यांनी पहिला गोल आमच्यावर चढवला, आणि मचाणावरून आरोळी आली, "मारला! मारला! लंबोदरानं मारला! शुभकार्य सुरू झालं!" मांडवात टाळ्या. ठाण्याची माणसं बावरली. मास्तर शिट्टी तोंडात धरूनच मचाणाच्या शिडीवर चढले.

"अहो, गोल आपल्यावर झालाय!"

"झाला असंल. पहिला गणपतीचा."

"गणपती आपल्या बाजूचा आहे!"

"देवाला बाजू नसती, मास्तर," तो वरून म्हणाला. "तुम्ही शिकल्यालं, तुम्हाला कसं कळत नाय?"

लोकांना हे फार आवडायचं. मोखाड्याहून, साखरशेतहून माणसं चालत यायची, ती खेळ बघायला नव्हे, त्याला ऐकायला. धुक्यात दिसत काय होतं? त्याचा आवाज म्हणजेच सामना. आणि आवाज होता, हे मी नाकारत नाही. मारुतीनं उडी मारली म्हटलं की माणसं मान वर करून आभाळात बघायची.

सगळ्या सोंगांचं भलं होत होतं. एक माझं सोडून.

मी पुढं खेळायचो. पळायला माझ्यासारखा जव्हारात कुणी नव्हता, हे मी सांगत नाही, तेव्हाचे लोक सांगायचे. पण चेंडू माझ्या पायाला लागला रे लागला की वरून सुरू: "आला, आला, काळ्या शिंगांचा, लाल डोळ्यांचा म्हैशासुर आला! धरणी हादरली!" इथपर्यंत ठीक. पण राक्षस नुसता येऊन भागत नाही, पडावा लागतो. मी दोघांना चुकवून पुढं निघालेलो असायचो आणि वर हा सांगत असायचा, "आन् घसरला! शिंगं चिखलात! पडला, पडला, पापी पडला!" लोक हसायचे. मी उभाच असायचो. एकदा मी गोल मारला, तर म्हणाला, मारुतीनं मारला. मारुती, म्हणजे सुताराचा पोरगा, त्या दिवशी तापानं घरी झोपला होता.

माझा राग लोकांवर नव्हता. लोकांनी हसावं, मी बघून घेतलं असतं. पण आमचा पाडा त्या माळाच्या अगदी खाली आहे. कड्यावरून हाक मारली तर आमच्या ओटीवर ऐकू येते. आणि ओटीवर माझा बा पडलेला असायचा.

बा राबासाठी, भाताच्या रोपाची जमीन भाजायला, ऐनाच्या झाडावर फांद्या तोडायला चढला होता, वरून पडला. कंबर गेली. दोन वर्षं तो त्या ओटीवरून उठला नाही, आणि त्या पावसाळ्यात खोकला असा लागला की दिवाळी बघत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तीस बोहाडे त्यानं म्हैशासुराचा मुखवटा घातला. ढोरासारखा जड मुखवटा, तो घालून तासभर नाचायचं आणि शेवटी जगदंबेच्या पायाखाली पडायचं. तीस वेळा पडला. त्याला त्याचं काही नव्हतं. देवीच्या पायाखाली पडायला मान लागतो, असं म्हणायचा. पण सामना झाला की मी घरी येईपर्यंत तो वाट बघत असायचा.

"काय रं, आज चार डाव पडलास?"

"एकदाबी नाय पडलो, बा."

"ललकारीत तर पडलास."

"त्यो खोटं बोलतो."

बाला खोकल्याची उबळ यायची. मग खोकून झाल्यावर म्हणायचा, "मी पडलो ते पडलो. मुखवट्यात व्हतो. तुझ्या तोंडावर तर मुखवटा नाय ना? मंग एकदा तुला जितलेला ऐकला असता." डोळ्यांनी बघणं त्याच्या नशिबी नव्हतं. ऐकायचंच होतं, आणि ऐकायचं ते ह्या बाबाच्या तोंडून.

मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नाही. पण गेलो. मोखाड्याशी सामना ठरला होता, त्याच्या चार दिवस आधी. हाताशी कोंबडा घेऊन गेलो, आमचा चांगला तांबड्या तुऱ्याचा. हा बाबा अंगणात आलं खरवडत बसला होता.

"या म्हैशासुर," म्हणाला.

म्हटलं, "काका, एक मागणं हाय. ह्या सामन्यात मी गोल मारला तर माझ्या नावानं पुकारा. बाला ऐकायचंय."

"तुझ्या नावानं?" त्यानं डोळे बारीक केले. "तुझं नाव काय?"

समोरासमोरची घरं नसली तरी वीस वर्षांची ओळख. मी नाव सांगितलं. त्यानं ते आल्यासारखं चघळून बघितलं आणि थुंकून टाकलं.

"नाय बसत," म्हणाला. "ललकारीत बसत नाय. आन् म्हैशासुर जितला तर देवीनं जायचं कुठं? पुढल्या साली पाऊस पडला नाय तर लोक माझ्या दारात येतील, तुझ्या नाय."

"फुटबॉल हाय तो, काका. बोहाडा नाय."

"तू खाली चिखलात असतोस. तुला काय दिसतंय?" म्हणाला. "मी वरून बघतो."

कोंबडा मात्र ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटला तेव्हा आपणहून म्हणाला, "कोंबडा गोड व्हता. नेम तोच."

सामन्याच्या दिवशी धुकं असं होतं की आम्ही आमचेच अकरा जण मोजून घेतले. मांडवात बाहेरचे मोठे पाहुणे होते, म्हणून कारभाऱ्यांनी ह्याला सकाळीच दम भरला होता. देव नाही, राक्षस नाही. चेंडू कुठं आहे आणि कुणाकडं आहे, एवढंच. एक शब्द जादा नको. त्यानं मान हलवली होती. आणि त्या दिवशी, देवा शपथ, त्यानं खरं सांगायला सुरुवात केली. असा भिकार खेळ माणसानं ऐकला नसेल.

"चेंडू मधी हाय," वरून आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. "आता हिकडं हाय." परत काही नाही. "एकानं मारला. दुसऱ्याला लागला. चेंडू... हाय."

"चेंडू हाय हे आम्हालाबी म्हाईत हाय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"आजारी हाय का ह्यो?" एका बाईनं विचारलं.

"बायकोनं मारला असंल."

लोक उठून घरी जायला लागले. आता इथं माझं मत सांगतो, मग रेडिओवाल्यांनी ऐकावं नाहीतर ऐकू नये. पुकारणाऱ्याला डोळे पाहिजेत, हे पहिलं. पण नुसते डोळे घेऊन मचाणावर बसला तर तो राखणदार झाला. चेंडू कुठं आहे ते सांगून लोकांचं पोट भरत नाही, चेंडू तिथं असल्यानं कुणाचं काय होणार आहे ते सांगावं लागतं. ह्याला ते सांगता यायचं. फक्त कुणाचं काय होणार ते ह्यानं खेळ सुरू व्हायच्या आधीच ठरवलेलं असायचं, तेवढा एक दोष. बारीकसा. माणसाला ताप आणण्यापुरता.

शेवटी मांडवातून सरकारांचाच निरोप आला, त्याला बोलू द्या. झालं. बांध फुटला. तुंबलेलं सगळं एकदम आलं. मारुती उडाला, लंबोदर डोलला, आणि म्हैशासुर पडला. अर्ध्या तासात मी सहा वेळा पडलो. प्रत्येक वेळी मला कड्याखालची ओटी दिसत होती. मी मचाणाकडं मूठ उगारली, पण धुक्यात ती कुणाला दिसणार?

एक-एक झालं होतं. संपत आला होता सामना. मोखाड्याचा गोल राखणारा गडी मूळचा आमच्याकडचाच, घर उठून मोखाड्याला गेलेलं. त्यांच्याकडं जगदंबेचं सोंग. बोहाड्यात माझा बा पडायचा तो ह्याच्या बापाच्या पायाखाली. हे मला तेव्हा सुचलं नाही, मी खेळत होतो. पण मचाणावरच्याला सुचलं. त्याचा आवाज मी ऐकत होतो: "आता समोरासमोर! हिकडं म्हैशासुर, तिकडं आई जगदंबा! आता न्याय व्हनार!"

आणि गोल झाला.

कसा झाला ते मी खरं सांगतो, कारण खोटं सांगणारा दुसरा होता. मारुतीनं बाजूनं चेंडू मारला. मी पळत आलो आणि घसरलो. होय, त्या दिवशी एकदा खरंच घसरलो. पडता पडता चेंडू माझ्या गुडघ्यावर आदळला आणि दोन खांबांमधून गेला. मास्तरांनी शिट्टी फुंकली.

वरून आवाज नाही.

मी चिखलातून उठलो. आवाज नाही. सगळं मैदान वर बघतंय, धुक्यात त्याची शाल तेवढी दिसतेय, आणि तोंड उघडं. घाटी एकदा वर गेली आणि तिथंच राहिली. मांडवातून कुणी विचारतंय, काय झालं? बायका विचारतात, काय झालं रं? मास्तर ओरडले, "गोल! जव्हारचा गोल!" पण मास्तरांचा आवाज तो केवढा, डास बोलावा तेवढा. अखेर कारभारी स्वतः धोतर वर धरून चिखलातून पळत आले आणि विचारून परत पळत गेले. तोवर सामना संपला होता. आम्ही जिंकलो होतो, आणि हे मैदानावरच्या निम्म्या लोकांना घरी जाताना वाटेत कळलं.

मी न थांबता कडा उतरलो. बा ओटीवर कोपरावर उठून बसला होता.

"थांबला का रं खेळ? धुकं फार झालं?"

"जितलो, बा. मी मारला. शेवटचा मी मारला."

बानं माझ्याकडं बघितलं. लहान पोर काहीतरी फोडून आलं की त्याच्याकडं बघतात तसं. "मंग ललकारी कुठं झाली?"

"त्यो बोललाच नाय."

"त्यो?" बा हसला, हसता हसता खोकला. "त्यो बोलला नाय?" ह्यावर कोण विश्वास ठेवणार! मी मारुतीला बोलावून आणला, पाटलाच्या पोराला आणला. दोघांनी सांगितलं. बा म्हणाला, "तुमची दोस्ती हाय. ऱ्हाऊ द्या पोरांनो. बरं वाटावं म्हणून बोलताय." आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

सकाळी मी परत त्या दारात गेलो. ह्या वेळी कोंबडा नव्हता. त्याची बायको अंगणात भात कांडत होती, तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"कालपासून बोलला नाय," ती म्हणाली. "राहू दे ना रं एक दिवस. लगीन झाल्यापासून पहिल्यांदा कोंबडा आरवलेला ऐकला."

तो आत भिंतीला टेकून बसला होता. शाल बाजूला. शालीशिवाय मी त्याला तेव्हाच पाहिलं, फारच बारीक होता. मी म्हटलं, "काका, बा मानत नाय. चला. तुम्ही सांगा."

तो बोलला. हळू. त्याचा हळू आवाज मी त्याच्या घरात ऐकला आणि मला भीती वाटली.

"म्हैशासुर जितला तर काय पुकारायचं, त्ये मला बापानं शिकवलंच नाय," तो म्हणाला. "आज्यानं त्याला शिकवलं नसंल. मी तिथं उभं राहून शोधत व्हतो. सापडलं नाय."

"मंग खाली चला आन् खरं काय झालं त्ये सांगा. गुडघ्याला लागून गेला म्हणून सांगा."

तो उठला. शाल घेतली. कडा उतरताना पाऊस लागला. आमच्या अंगणाच्या कडेला आला, ओटीवर चढला नाही. बा आडवा होता. तिथं पावसात उभा राहून ह्यानं मला विचारलं, "तुझं नाव काय म्हनालास?"

मी दुसऱ्यांदा सांगितलं. त्यानं शाल सावरली, आणि ललकारी दिली.

मी त्याच्या शेकडो ललकाऱ्या ऐकल्या असतील, तशी ऐकली नाही. माझं नाव घेतलं. माझ्या बापाचं नाव घेतलं. त्याला ते कुठून ठाऊक झालं कोण जाणे. मग म्हणाला, तीस वरसं ज्यो देवीच्या पायाशी पडला, त्याचा ल्योक चेंडू घेऊन निघाला. सात गडी आडवे आले. सातही धुक्यात इरले. धरणी हादरली, माळ वाकला, राजवाड्याची कौलं वाजली. म्होरं साक्षात आई जगदंबा उभी. आन् आईनं बघितलं, म्हनाली, तुझा बा तीस डाव पडला, त्याचं देणं मला व्हतं. आन् आई आपणहून बाजूला झाली. वाट दिली!

बा कोपरावर उठला होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि एका हातानं तो ओटीच्या लाकडावर संबळाचा ठेका धरत होता.

"सात नाय," बा म्हणाला, "आठ म्हण."

"आठ गडी आडवे आले!" अंगणातून आरोळी आली.

आता मला खोटं सोसत नाही. मी म्हणालो, "बा, आठ नाय, सात नाय, कुणीच नाय. मी घसरलो. गुडघ्याला लागून गेला."

बानं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "तू गप रं. तुला काय दिसतंय? तू तर खेळत व्हतास."

भात कापायच्या आधी बा गेला. ते आठ गडी बरोबर घेऊन गेला. पुढच्या बोहाड्यात म्हैशासुराचा मुखवटा मी घातला आणि जगदंबेच्या पायाखाली रीतसर पडलो, मुखवट्यात पडायला माझी ना नाही. जगदंबा म्हणजे तोच मोखाड्याचा गोलवाला. मुखवटा काढल्यावर मला म्हणाला, "मी वाट बिट दिली नाय हां. मला चेंडू दिसलाच नाय." सगळीकडं पसरली होती ती ललकारी.

पुढं ललकारीवाला पूर्वीसारखाच झाला. मी खेळायचं सोडेपर्यंत मला पाडतच राहिला. त्यानं मला नावानं परत कधी हाक मारली नाही. मरताना मी भेटायला गेलो तर म्हणाला, "या, म्हैशासुर." तेही शेजारच्या पाड्यावर ऐकू गेलं.

नातवंडं विचारतात तेव्हा मी आठ गडी सांगतो. गुडघ्याचं सांगत नाही. सांगून पाहिलं, लगेच उठून जातात.

हे सगळं वाचून थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, एवढं लिहिलंत, त्याचं नाव तरी लिहा. त्यानं तुमचं घेतलं होतं." घेतलं होतं. पण कुठं? सरकारांपुढं नाही, मांडवापुढं नाही, हजार माणसं ऐकत होती तेव्हा नाही. आमच्या अंगणात, पावसात, एका आडव्या माणसापुढं. मीही त्याचं घेतो कधी कधी. ओटीवर एकटा असताना, रेडिओवाला फार ओरडायला लागला की. तेवढं पुरे. कागदावर नाही.